‘रात्रीचे गाणे’ नेमके कोणाचे?

कारोल शिमानोव्स्की या पोलिश संगीतकाराची तिसरी सिंफनी ‘रात्रीचे गाणे’ या नावाने ओळखली जाते. १९१४ ते १९१६ या काळात, म्हणजे पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, ती रचली गेली. प्रचंड वाद्यवृंद, त्यात ऑर्गन, पियानो, चेलेस्टा आणि दोन हार्प, एक टेनर गायक आणि स्त्री-पुरुषांचा मोठा गायकवृंद असा तिचा पसारा आहे. सादरीकरण मात्र जेमतेम पंचवीस मिनिटांचे. तिचे शब्द जलालुद्दीन रूमीच्या एका गझलेवरून आलेले आहेत. ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर आणि कार्यक्रमपत्रिकांवर हे ठळकपणे छापलेले असते: शब्द रूमीचे. त्याखाली, लहान टाइपात आणि तेही असलेच तर, तादेउश मिचिन्स्की हे नाव असते.

या लहान टाइपाविषयी आम्हांला भांडायचे आहे. हे भांडण पाश्चात्त्य संगीताच्या जाणकारांशी नाही. तेवढा आमचा अधिकारही नाही. भांडण आहे ते आपल्याच, म्हणजे साहित्याचे अध्यापन करणाऱ्या मंडळींशी. अशा कृतींविषयी आपल्या विभागांतून दोनच प्रकारची वाक्ये ऐकू येतात. पहिले वाक्य भाविकांचे: सूफी संदेश वैश्विक आहे, त्याला भाषेची आडकाठी नाही, म्हणून तर तेराव्या शतकातला कोन्याचा संत विसाव्या शतकातल्या पोलिश माणसाशी बोलू शकला. दुसरे वाक्य चिकित्सकांचे: हा प्राच्यवादाचा आणखी एक नमुना, युरोपला पूर्वेचे अत्तर हवे होते, ते त्याने अंगाला लावले. पहिले वाक्य स्नेहसंमेलनात शोभते, दुसरे चर्चासत्रात. दोन्ही वाक्ये बोलण्यासाठी गझल वाचावी लागत नाही आणि सिंफनीही ऐकावी लागत नाही. आमची तक्रार एवढीच आहे.

तेव्हा आधी गझल वाचू. ती ‘दीवान-ए-शम्स’मधली आहे. तिचा रदीफ ‘इमशब’, म्हणजे ‘आज रात्री’. काफिया ‘-आर’चा: बीमार, असरार, बेदार, बाजार, दस्तार, दीनार, गुफ्तार. मराठी वाचकाला यातले निम्मे शब्द घरचेच वाटतील. मतल्यात यजमान मित्राला विनवणी आहे की आज झोपू नकोस, कारण तू प्राण आहेस आणि आम्ही आजारी आहोत. मग जागरणाचे एकेक कारण येते, आणि प्रत्येक कारण ‘आज रात्री’वर येऊन थांबते. गझल पुढे सरकते तसे आकाश उघडते, ग्रहनक्षत्रे हालचाल करू लागतात, आणि शेवटच्या शेरात कवी जीभ बांधून गप्प होतो व तरीही बोलत राहतो. रूमीच्या पुष्कळ गझला अशा मौनापाशी संपतात. ‘खामोश’ हा शब्द त्याच्याकडे जवळजवळ तखल्लुसासारखा येतो.

या आकाशात काय चालले आहे ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. एका शेरात कवी म्हणतो की खालचा बाजार रिकामा झाला असेल तर वर आकाशगंगेचा बाजार बघ. पुढे मुश्तरी दीनारांची उधळण करतो. मुश्तरी म्हणजे गुरू हा ग्रह, आणि मुश्तरी म्हणजे गिऱ्हाईकही. बाजार भरला, गिऱ्हाईक आले, नाणी खुळखुळली! आकाशातल्या या व्यवहाराला रूमीचा मिस्कीलपणा आहे. बुध डोक्यावर पागोटे चढवतो, कारण फारसी काव्यसंकेतात बुध हा आकाशाचा लेखनिक आहे, आणि लेखनिकाला दरबारी पोशाख हवा. आणखी एका शेरात आत्म्याला जाफर तय्यारसारखे होऊन आकाशातल्या गरुडाची शिकार करायला सांगितले आहे. जाफर हा प्रेषित मुहंमदांचा चुलतभाऊ. मुताच्या लढाईत त्याचे दोन्ही हात तुटले आणि त्याला स्वर्गात पंख मिळाले अशी श्रद्धा आहे, म्हणून तो ‘तय्यार’, उडणारा. हात गेलेला माणूस शिकार करणार आहे, तीही गरुडाची. या प्रतिमेतली कळ जाफर ठाऊक असल्याखेरीज लागत नाही.

आता मिचिन्स्कीचा पोलिश पाठ. त्याची पहिली मोठी कमाई अशी की ‘या रात्री’ हा रदीफ त्याने टिकवला आहे. ओळीमागून ओळ त्याच दोन शब्दांवर येऊन विसावते. युरोपीय भाषांतरकार सहसा इथेच कंटाळतात आणि पुनरुक्ती टाळण्यासाठी पर्यायी शब्द शोधू लागतात. मिचिन्स्की कंटाळला नाही. ताऱ्यांच्या रस्त्यांवरचा बाजारही त्याने राखला. पण त्या बाजारातले गिऱ्हाईक गेले, आणि दीनारांच्या जागी सोनेरी पावसात तरंगणारा शुक्र आला, म्हणजे युरोपीय व्हीनस. बुधाचे पागोटे गेले. बुध आता रक्तवर्णी चमकतो आणि त्याच्या सोबतीला ओरायन व अँड्रोमेडा ही ग्रीक मंडळी आहेत. जाफर गेला. त्याच्या जागी ‘वीर’ आला, आणि आत्मा गरुडाची शिकार करायच्या ऐवजी स्वतःच गरुड होऊन खोल दऱ्यांवरून उडू लागला.

सर्वांत बोलका बदल ‘हक्’ या शब्दापाशी झाला आहे. हा शब्द आपल्याकडे ‘हक्क’ होऊन आला आणि कचेरीत स्थिरावला. मुळात तो सत्यवाचक आहे आणि ईश्वराचे नावही आहे. मन्सूर हल्लाज ज्या उद्गारासाठी सुळावर गेला असे परंपरा सांगते, त्यातलाही शब्द हाच. रूमीच्या शेरात हक् जागा आहे आणि आपणही जागे आहोत, असा आनंद आहे. पोलिशमध्ये ‘सत्य’ पंखांनी उजळते. ईश्वर निसटला, आणि त्याच्याबरोबर ‘आपण’ही निसटलो. मतल्यातला आजाऱ्यांचा ‘आम्ही’ पोलिशमध्ये आहे, पण जागरण करणाऱ्यांचा ‘आम्ही’ उरलेला नाही. त्याआधीच्या शेरात सगळे जग झोपले असून मी माझ्या निर्मात्याबरोबर कामात आहे असा भाव होता. तिथे पोलिश पाठात मी आणि ईश्वर असे दोघेच एकटे उरतो. ‘कामात असणे’ जाऊन ‘एकांत’ आला. हा एकांत रूमीचा नाही, शतकारंभीच्या ‘तरुण पोलंड’ या वाङ्मयीन चळवळीचा आहे, जिच्यात मिचिन्स्की वाढला. ती गूढतेची, रात्रीची, तारे आणि अथांग दऱ्यांची भक्त होती. हसणे तिच्या स्वभावात कमीच होते.

थोडक्यात, सिंफनीत गायली जाणारी कविता मिचिन्स्कीची आहे. रूमीच्या गझलेवरून उभी राहिलेली, तिचा सांगाडा प्रामाणिकपणे जपणारी, तिची काही सर्वोत्तम स्थळे गमावणारी आणि स्वतःची भर घालणारी अशी ती पोलिश कविता आहे. वेष्टनावर रूमीचे नाव मोठे छापले की दोघांवरही अन्याय होतो. रूमीच्या माथी त्याने न लिहिलेला एकांत मारला जातो, आणि मिचिन्स्कीच्या हातून त्याने लिहिलेली कविता काढून घेतली जाते. (हा कवी १९१८ मध्ये, रशियातल्या क्रांतीच्या धामधुमीत, मारला गेला. सिंफनीचा पहिला प्रयोगही त्याला ऐकायला मिळाला नाही.)

भाविकांचा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. पागोटे गेले काय आणि गिऱ्हाईक गेले काय, आत्मा तर तोच आहे ना? आमचे उत्तर असे की कवितेत पागोट्यावाचून वेगळा आत्मा कुठे ठेवलेला नसतो. ‘आत्मा तोच’ म्हणणाऱ्यांना सोयीचा रूमी कसा दिसतो, हे गेल्या काही दशकांत जगाने पाहिले आहे. कोलमन बार्क्स या अमेरिकन कवीला फारसी येत नव्हती. जुन्या इंग्रजी भाषांतरांवरून त्याने मुक्तछंदी रूमी रचला. १९९५ चे त्याचे संकलन अमाप खपले. त्याचेच शब्द घेऊन फिलिप ग्लास याने १९९८ मध्ये रंगमंचीय कृती केली. बार्क्सने आपले फारसीचे अज्ञान लपवले नाही, हे त्याच्या बाजूने नमूद करायला हवे. पण त्या रूमीतून कुराण, हदीस, जाफर, नमाज हे सगळे हळूहळू पुसट होत गेले आणि भिंतीवर टांगण्याजोगी प्रेमवचने उरली. ज्याला भाषेची आडकाठी नाही असा संत, भाषेतून सुटताच, कोणाच्याही दुकानात ठेवता येतो.

इथे आपल्याकडचा एक मोहही सांगून टाकू. रूमी १२७३ मध्ये गेला. परंपरेनुसार ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५ चा. हा योग दिसला की आपल्या लेखणीला खाज सुटते आणि मौनाच्या वचनांची दोन रकान्यांत मांडणी सुरू होते. आम्ही ती करणार नाही. सनावळीचे शेजारपण म्हणजे अर्थाचे शेजारपण नव्हे, आणि ‘सर्व संत एकच सांगतात’ हे वाक्य तौलनिक अभ्यासाची सुरुवात नसून त्याची सुट्टी आहे.

आता चिकित्सक. यांच्याविषयी आम्हांला अधिक बोलायचे आहे, कारण आमचे विद्यार्थी हल्ली यांच्याकडून अधिक शिकतात. एडवर्ड सैद यांचे ‘ओरिएंटलिझम’ १९७८ चे. ते न वाचता त्याचे शीर्षक वापरण्याची सोय आपल्या शोधनिबंधांनी करून घेतली आहे. संगीतकार युरोपीय, कविता पौर्वात्य, म्हणजे निकाल लागला. स्वतः सैद असे करीत नसत. ते उत्तम पियानो वाजवीत, संगीतावर नियमित लिहीत. ‘कल्चर अँड इम्पीरिअ‍ॅलिझम’ (१९९३) या ग्रंथात त्यांनी व्हेर्दीच्या ‘आइडा’वर आरोप ठेवला, पण तो ठेवताना कैरोचे ऑपेरागृह, मारिएतचे इजिप्तविषयक ज्ञान, वेशभूषा, प्रत्यक्ष स्वररचना हे सगळे एकेक करून तपासले. आणि १९९९ मध्ये डॅनियल बॅरनबॉइम यांच्यासह अरब आणि इस्रायली तरुणांचा वाद्यवृंद उभा केला, तेव्हा त्याला नाव मिळाले गटेच्या ‘पश्चिम-पूर्व दीवाना’चे. गटेला हाफिज भेटला तो हामर-पुर्गश्टालच्या जर्मन भाषांतरातून. म्हणजे भाषांतराच्या खिडकीतून पूर्वेकडे पाहणे हाच गुन्हा असता, तर त्या वाद्यवृंदाचे नावच आरोपपत्र ठरले असते.

शिमानोव्स्कीच्या बाबतीत अत्तराचा आरोप बिनबुडाचा आहे असे आम्ही म्हणत नाही. हाफिजवरच्या त्याच्या दोन गीतमालिका (१९११ आणि १९१४) हान्स बेथगेच्या जर्मन रूपांतरांवर आहेत, आणि तिथे गुलाब, मद्य, नर्तकी यांची रेलचेल आहे. (हाच बेथगे चिनी कवितांचेही जर्मन करी, चिनी न जाणता. त्यावरच माहलरचे ‘पृथ्वीचे गीत’ उभे आहे.) १९१४ च्या वसंतात शिमानोव्स्की अल्जियर्स, बिस्क्रा, ट्युनिस असा हिंडून आला. फ्रेंच सत्तेखालचा तो उत्तर आफ्रिका पाहणे हा एक युरोपीय प्रवाशाचा अनुभव होता, यातही वाद नाही. पण त्याचे पारपत्रच तपासायचे तर पुरते तपासावे. तो १८८२ मध्ये आजच्या युक्रेनमधल्या तिमोशूव्का या गावी जन्मला. तेव्हा पोलंड नावाचे राज्य नकाशावर नव्हते आणि तो रशियन साम्राज्याचा प्रजाजन होता. त्याच वेळी त्याचे घराणे युक्रेनी शेतकऱ्यांच्या मधोमध राहणाऱ्या पोलिश जमीनदारांचे होते, आणि १९१७ च्या उठावात ते घर उद्ध्वस्त झाले. हा माणूस साम्राज्याचा बळी की लाभार्थी? आणि तुर्कस्तानच्या अहमद अदनान सायगुनचे काय करायचे? पॅरिसमध्ये शिकून आलेल्या या संगीतकाराने युनूस एमरे या तुर्की सूफी कवीच्या शब्दांवर पाश्चात्त्य पद्धतीचा ऑरेटोरिओ रचला आणि १९४६ मध्ये तो अंकारात सादर झाला. त्याच्यासाठी आपल्या निबंधांत कोणता रकाना आहे?

तेव्हा पारपत्र बाजूला ठेवून रचना ऐकावी. सिंफनी तीन सलग भागांची आहे. पहिल्यात टेनर जागरणाची हाक देतो आणि वृंद त्यात मिसळतो. मधला भाग नृत्याच्या लयीचा, वेगवान. तिथे टेनर गप्प असतो आणि वृंद गातो, पण शब्दांवाचून, केवळ स्वरांनी. तिसऱ्या, संथ भागात शब्द परततात आणि कविता तिच्या शेवटापर्यंत, जीभ बांधून बोलण्यापर्यंत जाते.

या मांडणीत दोन गोष्टी घडतात, आणि आमच्या मते त्याच या कृतीचे खरे वाचन आहे. पोलिश पाठाने ‘आम्ही जागे’ गमावले होते आणि कवीला ईश्वरासोबत एकटे पाडले होते. शिमानोव्स्की तोच एकांत शेकडो कंठांच्या वृंदासमोर आणून ठेवतो. शब्द ‘मी’ म्हणतात, आवाज ‘आम्ही’ म्हणतो. फारसी शेरात काय होते हे त्याला ठाऊक असण्याची गरज नव्हती. समाची, म्हणजे सूफींच्या सामूहिक श्रवण-नर्तनाची, पाळी एका माणसाने कधी केली नाही, एवढे त्याच्या कानाला कळले. आणि दुसरे असे की शेवटच्या शेरातले मौन त्याने शेवटपर्यंत राखून ठेवले नाही. मधल्या भागातला निःशब्द वृंद म्हणजे त्या शेराचा आधीच लावलेला अर्थ आहे. जीभ न हलवता बोलणे म्हणजे काय, ते तो आधी करून दाखवतो, आणि मग कविता ते सांगते. मक्त्याचे असे भाष्य कागदावरच्या कोणत्याही टीकाकाराला जमलेले आम्ही पाहिलेले नाही.

जे हरवले ते मात्र हरवलेच. बाजारातला विनोद संगीतात परत येत नाही. शिमानोव्स्कीची रात्र आरंभापासून अखेरपर्यंत गंभीर आहे, भारलेली आहे, आणि काही ठिकाणी, आम्हांला तरी, जड वाटते. याचा दोष पौर्वात्य अत्तराकडे जात नाही. तो मिचिन्स्कीच्या शब्दकळेकडे जातो. ही कृती कुठे उंचावते आणि कुठे बसते, हे अनुवाद समोर ठेवल्याखेरीज सांगताच येत नाही, असे आमचे म्हणणे आहे ते यासाठी.

सादरीकरणाच्या इतिहासाचीही इथे साक्ष आहे. पीटर्सबर्गमध्ये ठरलेला पहिला प्रयोग युद्धकाळात होऊ शकला नाही. १९२१ मध्ये लंडनला अल्बर्ट कोट्स याने ती सादर केली, पण गायकवृंदाशिवाय! म्हणजे उरले ते काय? हार्प, चेलेस्टा, झिरपणारे व्हायोलिन: नेमके तेच, ज्याला आपण अत्तर म्हणतो. वृंदासह ती उभी राहिली १९२८ मध्ये, ल्वूफ शहरात. वृंद हा केवळ रंग समजला की तो वगळता येतो, आणि तो वगळल्यावर कृती खरोखरच केवळ रंगाची होते. चिकित्सकांच्या निबंधांत हीच लंडनची सिंफनी अजून वाजत असते.

हे सारे मराठीच्या वर्गात कशासाठी, असे कोणी विचारील. कारण या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर एका मराठी कवीने देऊन ठेवले आहे. माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, हे फारसीचे अध्यापक होते. उमर खय्याम त्यांनी मराठीत आणला तो एकदा नव्हे. १९२९ चे ‘उमर खय्यामकृत रुबाया’ हे मूळ फारसीवरून. १९३१ ची ‘द्राक्षकन्या’ ही फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून. फारसी येणाऱ्या माणसाला इंग्रजीवरून पुन्हा अनुवाद करण्याचे कारण काय? कारण फिट्झजेराल्डचा खय्याम ही वेगळी, स्वतंत्र, इंग्रजी कविता आहे हे त्यांना कळत होते, आणि तिच्यावर त्यांचा जीवही होता. म्हणून दोन पुस्तके, दोन नावे. त्यांनी एकात दुसरे मिसळले नाही, आणि एकासाठी दुसऱ्याला खोटे ठरवले नाही. ग्रॅनव्हिल बँटॉकने १९०६ ते १९०९ या काळात वृंद आणि वाद्यवृंदासाठी भलाथोरला ‘उमर खय्याम’ रचला. त्याचे शब्द फिट्झजेराल्डचे. आमच्या मते ती रचना ‘द्राक्षकन्ये’ची बहीण आहे, ‘रुबायां’ची नाही. माधवरावांच्या दोन पुस्तकांमुळे हे एका वाक्यात सांगता येते. शिमानोव्स्कीची सिंफनी त्याच न्यायाने मिचिन्स्कीच्या कवितेची आहे.

आमच्या पाहण्यातल्या प्रश्नपत्रिकांत मात्र अनुवादित कृतीवर वीस गुणांचा प्रश्न असतो आणि अनुवादकाचे नाव कुठेही नसते. भाषाशैलीवर टीप लिहा म्हणून सांगतो, आणि ती भाषा कोणाची हे विचारत नाही. विद्यार्थी मग मूळ लेखकाच्या ‘ओघवत्या मराठी’चे कौतुक करतात, आणि आपण त्यांना गुण देतो.

‘पण फारसी येते कोणाला?’ हा शेवटचा बचाव. पुरी फारसी आम्हांलाही येत नाही. एका गझलेपुरती ती वाचायला काय लागते? छापील पाठ, दोन-तीन भाषांतरे शेजारी, आणि शब्दकोश. माधव जूलियनांचा ‘फारशी-मराठी कोश’ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत तो असतो, बहुधा वरच्या फळीवर. पुढच्या तासाला तो काढून आणावा आणि हक्, मुश्तरी, दस्तार हे तीन शब्द विद्यार्थ्यांकडून शोधून घ्यावेत. सिंफनी त्यानंतर लावावी.